गाडीला एलपीजी किट बसवताय? हिशेबातल्या आणि वापरातल्या या चुका टाळा

पेट्रोल १०५ रुपये आणि ऑटो एलपीजी ६० रुपये अशी पाटी दिसली की खर्च निम्म्यावर आला असं वाटतं. पहिली चूक इथेच होते. एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलच्या साधारण पाऊणपट ऊर्जा असते. म्हणून पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर १२च्या आसपास देते. म्हणजे पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये आणि गॅसचा ५. हे दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या पंपावरचे आजचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

यातूनही वजाबाकी आहेच. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावरच गॅसवर जाते. दहा टक्के अंतर पेट्रोलवर गेलं तर सरासरी ५.२० पडते आणि बचत उरते १.८०. प्लग, गॅसचे फिल्टर आणि ट्यूनिंगचे किलोमीटरमागे २० पैसे धरा. विमा कंपन्या साधारणपणे किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये जास्त लावतात, म्हणजे ३६,००० च्या किटवर वर्षाला १,५००. किट आणि कागदपत्रं मिळून ४०,००० खर्च झाला आणि वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणं असेल, तर पैसे वसूल व्हायला पावणेतीन वर्षं लागतात. महिन्याला ५००च किलोमीटर असेल तर पाच वर्षं. आणि पाच वर्षांनी टाकीची सक्तीची चाचणी येते, तेव्हा पुन्हा खर्च.

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा एवढंच रोजचं जाणं असेल तर किट बसवूच नका. दोन-तीन किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम तापतं, तोवर घर येतं. गॅस टाकीत तसाच राहतो आणि जळतं ते पेट्रोल.

पंप कुठे आहे हेही आधी बघा. स्टेपनीच्या जागेत बसणारी ३५ लिटरची गोल टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे २८ लिटर. त्यावर गाडी ३३६ किलोमीटर जाते आणि वरच्या हिशेबाने ६०० रुपये वाचतात. पण गॅस भरायला वाकडी वाट करून जाऊन-येऊन १६ किलोमीटर पडत असतील तर त्यातले ८० रुपये तिथेच गेले. माण-खटाव, आटपाडी, जत या बाजूला रोज जाणाऱ्यांनी हा आकडा किट घेण्याआधी मांडावा. शिवाय स्टेपनी डिकीत येते. पंक्चर झालं की सामान रस्त्यावर काढून ठेवावं लागतं, हे खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

घरगुती सिलिंडरचा गॅस

ही चूक जिवावर बेतते, म्हणून स्पष्टच सांगतो: स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून मोटर लावून गाडीत गॅस भरून घेऊ नका आणि तो सिलिंडर गाडीत तर अजिबात जोडू नका. ऑटो एलपीजीच्या टाकीवर मल्टिव्हॉल्व्ह असतो. ८० टक्क्यांवर तो भरणं थांबवतो आणि पाइप तुटला तर गॅसचा लोंढा अडवतो. घरगुती सिलिंडरवर यातलं काहीच नाही. उन्हात द्रव गॅस फुगतो, त्याला वर मोकळी जागा लागते. भरताना गळालेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीलगत साचून राहतो आणि मोटरच्या बटणाची एक ठिणगी त्याला पुरते. २००१ च्या केंद्र सरकारच्या आदेशानुसार हा गुन्हाही आहे.

गाडी झटके देते, पेट्रोलवर उडी मारते

मिस्त्री आधी रिड्यूसर, म्हणजे द्रव गॅसचा दाब उतरवून त्याची वाफ करणारा भाग, बदलायला सांगतो. थांबा, आधी कूलंट बघा. द्रव गॅसची वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो आणि ही उष्णता रिड्यूसरला इंजिनच्या गरम कूलंटमधून मिळते. इंजिन थंड असताना पातळी तपासा. मग गाडी सुरू करून तापू द्या आणि रिड्यूसरकडे जाणारे दोन्ही पाइप सांभाळून हाताने चाचपा. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि एक गार असेल तर आत हवा अडकलीय किंवा कचरा साचलाय. रिड्यूसरवर बर्फाची पांढरी साय दिसली तर शंकाच नको. आणखी एक कारण आपल्याकडे सर्रास सापडतं: गाडी तापते म्हणून कुणीतरी पूर्वी थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वाल्व) काढून टाकलेला असतो. मग थंडीत पसरणीचा घाट उतरताना इंजिन गार पडतं आणि गाडी पुन्हा पेट्रोलवर जाते. थर्मोस्टॅट परत बसवा.

कूलंट ठीक असेल तर गॅसचा फिल्टर आणि प्लग बघा. गॅसचं मिश्रण पेटायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे पेट्रोलवर बरा वाटणारा झिजका प्लग गॅसवर मिसफायर मारतो. ट्यूनिंग गॅरेजच्या दारात न्यूट्रलला उभं राहून करून घेऊ नका. लॅपटॉप जोडून, गाडीत माणसं बसवून चढावर करा. खंबाटकीत भरल्या गाडीने एसी लावून चढताना मिश्रण पातळ पडलं, म्हणजे हवेच्या मानाने गॅस कमी पडला, तर एक्झॉस्ट वाल्व भाजून निघतात. जुन्या मिक्सर किटवाल्यांनी (ज्यात इंजेक्टर नसतात, गॅस हवेच्या वाटेतच मिसळतो) तेवढा चढ पेट्रोलवरच घ्यावा.

गप्प झालेले टॅपेट

गॅसमध्ये वाल्वच्या बैठकीला, म्हणजे वाल्व बंद होताना जिथे टेकतो त्या कड्याला, वंगण मिळत नाही. बैठक झिजते, वाल्व वर सरकतो आणि वाल्व व त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट कमी होत जाते. फसगत अशी की फट कमी झाली की टकटक थांबते, इंजिन मऊ वाटतं आणि मालक खूश होतो. मग सकाळी गाडी चटकन सुरू होत नाही, आयडलिंगला थरथरते, कॉम्प्रेशन पडतं आणि शेवटी हेड उतरवावं लागतं. दर २०,००० किलोमीटरला इंजिन थंड असताना फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून घ्या, माप गाडीच्या पुस्तिकेतलंच धरा. तेलाच्या दाबावर फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर मोजणी नसते, तिथे कॉम्प्रेशन तपासा.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवण्याची सवयही वाईट. बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही टाकीतला पेट्रोलचा पंप फिरत राहतो आणि त्याला गार ठेवतं ते पेट्रोलच. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, आठवड्यातून १०-१५ किलोमीटर पेट्रोलवर चालवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं तर ओल धरतं.

एमएच १०, ११ की ५०, गाडी कुठलीही असो, किटची नोंद आरसीवर हवी. किट त्या मॉडेलसाठी मंजूर आहे का ते आधी पाहा, बिल आणि टाकीचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो.

वास आला तर गाडी उघड्यावर थांबवा, गॅसचा स्विच आणि इंजिन बंद करा, दारं-डिकी उघडा, टाकीवरचा हाताचा वाल्व बंद करा. दिवा लावू नका, मोबाइल लांब ठेवा. वास पूर्ण गेल्यावरच गॅरेजला फोन करा, गाडी पेट्रोलवरसुद्धा सुरू करू नका. गळती शोधायला मिस्त्रीने काडी ओढायची नाही. साबणाचा फेस प्रत्येक जोडावर लावायचा, बुडबुडे येतील तो जोड आवळून पुन्हा फेस लावायचा आणि तरीही बुडबुडे आले तर तो जोड बदलूनच घ्यायचा.