युद्धविरोधी कादंबरी वर्गात शिकवायला घेताना

एरिख मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही 1929 सालची कादंबरी इंग्रजीच्या तासाला घेताना पहिल्या महायुद्धाच्या सनावळ्यांनी आरंभ करू नये, कारण तेवढ्यातच मुलांचे लक्ष उडते. थेट पहिल्या प्रकरणातला जेवणाचा प्रसंग मोठ्याने वाचावा: आचाऱ्याने 150 जणांचा स्वयंपाक केला आहे, आघाडीवरून 80 जणच परतले आहेत, आणि आज दुप्पट वाढप मिळणार म्हणून सैनिक खूश आहेत. इथे थांबून अन्न का उरले एवढेच विचारावे आणि उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे; वर्ग गप्प राहिला तरी घाई करू नये.

पुढे केमेरिखच्या बुटांचा माग वहीत ठेवायला सांगावे. पाय कापावा लागलेल्या या तरुण सैनिकाचे उत्तम बूट आधी त्याचा सोबती म्युलर याच्याकडे आणि नंतर कादंबरीचा निवेदक पाउल याच्याकडे जातात, आणि दोन्ही वेळा ते मिळतात कुणाच्या तरी मरणामुळे. काण्टोरेक या शिक्षकाने विद्यार्थ्यांना भरती होण्यास भरीस घातले, हा भाग मात्र आपण शिक्षकांनी मुळीच वगळू नये, कारण तो आपल्यालाही उद्देशून आहे. नाझींनी 1933 मध्ये हे पुस्तक जाळले, ही माहिती शेवटी द्यावी, म्हणजे त्यामागचे कारण मुले स्वतः शोधतील.