चौथीच्या वर्गात स्थलांतराची कविता कशी लिहून घ्यावी

'आमचे मूळ गाव' या विषयावर निबंध लिहून घेऊ नका. चाळीस मुलांच्या वह्यांत एकच वाक्य येतं, 'आम्ही पोट भरण्यासाठी नागपूरला आलो.' ते खरं असतं, पण त्यात मूल कुठेच नसतं. मी चौथीला अनेक वर्षं शिकवते आहे. आता या विषयावर मी फक्त कविता लिहून घेते, तीही पाच-सहा ओळींची.

उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर पंधरा दिवसांनी सुरू करा. शहराच्या कडेच्या शाळांमध्ये वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं तोवर वर्गात आलेली असतात. सुट्टीच्या आधी उरकलात तर ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत ताजं आहे, तीच मुलं राहून जातील.

पहिल्या दिवशी नकाशा लावा, नागपूरच्या झिरो माइलच्या जागी पिन टोचा आणि प्रत्येकाच्या गावापासून तिथवर दोरा ओढा. नकाशा मात्र 1947 च्या आधीचा हवा. नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या सिंधी घरांची गावं आजच्या भारताच्या नकाशात सापडत नाहीत. एका मुलीनं 'हैदराबाद' सांगितलं आणि मी पिन तेलंगणात टोचली. तिचे पणजोबा सिंधमधल्या हैदराबादहून आले होते. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी आजोबांची चिठ्ठी घेऊन आली. तेव्हापासून 'कोणतं?' हे विचारल्याशिवाय मी पिन टोचत नाही.

छत्तीसगडच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 1956 पर्यंत रायपूर, बिलासपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. म्हणजे ज्या पोराचे पणजोबा त्याआधी रायपूरकडून इथे मजुरीला आले, ते परराज्यातून आलेच नव्हते. राज्याची सीमा नंतर बदलली. हे ऐकल्यावर त्या मुलाची बसण्याची पद्धत बदलते, मी पाहिलं आहे.

'बाई, आम्ही तर इथलेच' असं निम्मा वर्ग म्हणेल. त्यांना विचारा, तुझी आई कुठली? जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेरची वाट पुन्हा पुन्हा येते, ती उगाच नाही. वर्धा, अमरावती, छिंदवाडा करत दोरे भराभर वाढतात आणि वर्गात 'इथले' आणि 'बाहेरचे' अशी विभागणी उरत नाही. हे पहिल्याच दिवशी घडवून घ्या.

आता अवघड भाग. मुलांनी घरी जाऊन काय विचारायचं, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक प्रशिक्षणांत मिळणारी प्रश्नावली 'तुम्ही गाव का सोडलंत?' इथून सुरू होते. हा प्रश्न मुलांच्या तोंडी देऊ नका. मीही एका वर्षी दिला होता, वर चारचौघांत उत्तरं वाचून घेतली. एक मुलगी उभी राहिली आणि गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी तिची आई वर्गाच्या दारात आली. 'बाई, तिला सगळ्यांसमोर का विचारलं?' एवढंच म्हणाली. कर्जापायी रातोरात गाव सोडलेलं घर होतं ते. दहा वर्षांच्या मुलीनं ते वर्गात सांगावं असं मला वाटायलाच नको होतं.

'का' ऐवजी 'काय' विचारायला लावा. प्रश्न तीनच: येताना सोबत काय आणलं? काय आणता आलं नाही? इथे आल्यावर कोणता शब्द नवा वाटला? वस्तूबद्दल माणूस मोकळेपणानं बोलतो, आणि दुःख किती सांगायचं ते त्याच्या हातात राहतं. तिसऱ्या प्रश्नाला तर घरोघरी हसू येतं. कोल्हापूरहून लग्न होऊन आलेल्या एका आईला शेजारणीनं 'भाजीवर सांबार टाका' म्हटलं, तेव्हा ती इडलीसोबतचं सांबार समजली. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला कोण सांगणार? छत्तीसगडच्या एका पोरानं 'बासी' हा शब्द आणला. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, तो बासी. त्याआधी डब्यावरून त्याला चिडवलं जायचं.

घरी ऐकताना वही बंद ठेवायची. मोबाइलवर रेकॉर्डिंगही नको. समोर फोन धरला की आजी बातम्यांसारखं बोलू लागते.

लिहिणं वर्गात करा आणि ज्याची गोष्ट आहे त्याच्या हातात पेन्सिल देऊ नका. ही एक गोष्ट समजायला मला फार उशीर लागला. मुलानं स्वतः लिहायला घेतलं की 'गाव', 'नाव', 'भाव' अशी बळजबरीची यमकं सुरू होतात, नाहीतर पाठ्यपुस्तकातली भाषा येते. म्हणून जोड्या लावा. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं जसंच्या तसं उतरवायचं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणत गेल्या आणि घरच्यांनी उतरवून घेतलं, म्हणून 1952 मध्ये त्यांच्या कविता पुस्तकात आल्या. मुलांना हे आधी सांगा. आपली निरक्षर आजी कविता सांगू शकते, यावर त्यांचा लगेच विश्वास बसतो.

उतरवलेलं मग मोठ्यानं वाचायला लावा. श्वास घेतला तिथे ओळ तोडायची. सुंदर, छान, आठवण हे तीन शब्द खोडायचे. यमक आपोआप आलं तर राहू द्या, शोधायला जाऊ नका. आणि लाल पेन कपाटात ठेवा. यवतमाळहून आलेल्या एका आजीची गोष्ट नातवानं सांगितली आणि त्याच्या जोडीदारानं अशी लिहिली:

आजीनं पाटा आनला
बैलगाडीत, पोत्यात गुंडाळून.
वरवंटा गावातच राह्यला.
आजी म्हनते, इथला वरवंटा
त्याच्यावर बसतच नाही.

'आनला'चं 'आणला' करा असं मला एका वरिष्ठांनी सुचवलं होतं. मी केलं नाही, तुम्हीही करू नका. आजीचा आवाज त्या 'न'मध्ये आहे. शुद्धलेखन दुसऱ्या तासाला शिकवता येतं. हिंदी, छत्तीसगडी, सिंधी ओळी आल्या तर तशाच ठेवा, खाली मराठीत अर्थ लिहा.

ज्या मुलाला घरचं काहीच सांगायचं नसेल त्याला सांगू नकोस म्हणा. त्याला एखाद्या वस्तूच्याच तोंडून लिहू द्या, पेटीच्या, चपलेच्या, पातेल्याच्या. कारण विचारू नका.

मग प्रत्येक कवितेला चित्रं, पुठ्ठा, शिवण: एक तास पुरतो.

वाचनाला घरच्यांना बोलवा, पण रविवारी. मजुरी बुडवून कोणी येणार नाही आणि यावं असा आग्रहही धरू नये. मंच, हारतुरे, पाहुणे नकोत; सतरंजीवर गोल बसा. मूल वाचतं तेव्हा घरातलं माणूस मध्येच दुरुस्ती करतं, 'पोतं नाही, घोंगडी होती.' थांबा, ओळ तिथेच बदलून घ्या, पुन्हा वाचायला लावा.

शेवटी मूळ कागद मुलांसोबत घरी पाठवा आणि झेरॉक्स वर्गात ठेवा, उलटं नाही. बऱ्याच घरांत त्यांच्या प्रवासाबद्दल लिहिलेला तो एकच कागद असतो.