स्पॅनिशमध्ये संशोधन करताय? या चुका टाळा

खानदेशातून पुण्याला, दिल्लीला, हैदराबादला स्पॅनिश शिकायला गेलेली मुलं-मुली भेटतात तेव्हा फार बरं वाटतं. भाषा त्यांनी मनापासून घेतलेली असते, व्याकरण पक्कं असतं. गाडी अडते ती एमएच्या दुसऱ्या वर्षी, प्रबंधिकेचं काम सुरू झालं की. संदर्भ सापडत नाहीत, सापडलेले नीट टिपलेले नसतात आणि वेळ मात्र निघून जातो. बहुतेक अडचणींच्या मुळाशी मला एकच सवय दिसते: अभ्यास स्पॅनिशचा, पण शोधाशोध सगळी इंग्रजीतून.

इंग्रजी शब्द टाकून शोधणं

केळीचंच उदाहरण घेऊ. रावेर-यावलच्या मुलाला लॅटिन अमेरिकेवर काम करायचं असेल तर याहून जवळचा विषय कुठला? केळी निर्यातीत इक्वेडोर जगात पहिला, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचं ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांचं जी-नाइन, स्पॅनिश लेखांत 'ग्रान एनानो' या नावानेही येतं. आपला करपा तिकडे 'सिगातोका'. मर रोगाच्या ज्या प्रकाराला इंग्रजीत टीआर४ म्हणतात, तो स्पॅनिशमध्ये अक्षरं फिरवून आर४टी असा लिहितात. ऑगस्ट २०१९ मध्ये हा रोग कोलंबियाच्या ला ग्वाहिरा भागात पोहोचल्याचं निश्चित झालं आणि तिथे आणीबाणी जाहीर झाली. त्या काळातले शेतकऱ्यांसाठीचे इशारे आणि स्थानिक बातम्या स्पॅनिशमध्ये आहेत. टीआर४ टाकून शोधणाऱ्याला त्यातलं बरंचसं दिसणारच नाही.

एकाच देशाचा शब्द धरून बसलं तरी फसगत होते. इक्वेडोर-कोलंबियात निर्यातीच्या केळीला 'बानानो' म्हणतात, मेक्सिकोत 'प्लातानो', व्हेनेझुएलात 'कांबूर', अर्जेंटिनात 'बानाना'. आणि इक्वेडोरात 'प्लातानो' म्हटलं तर शिजवून खायची केळी हाती येते, म्हणजे तुमची आकडेवारी भलत्याच पिकाची. घरात अहिराणी बोलणाऱ्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. गावागावाला शब्द बदलतो हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणून शोधायला बसण्याआधी कागदावर देशवार शब्द लिहून काढा. स्पॅनिश अकादम्यांच्या संघटनेचा २०१० चा लॅटिन अमेरिकी शब्दांचा कोश नेटवर फुकट आहे, त्यात कुठला शब्द कुठल्या देशात चालतो ते दिलेलं असतं.

साधं गूगल शेवटी ठेवा. आधी दियालनेत, रेदालिक आणि सायेलो ही शोधनिबंधांची तीन संकेतस्थळं पालथी घाला. दियालनेत स्पेनच्या ला रिओहा विद्यापीठाचं, रेदालिक मेक्सिको राज्याच्या स्वायत्त विद्यापीठाचं, सायेलो ब्राझीलमध्ये सुरू होऊन लॅटिन अमेरिकाभर पसरलेलं. रेदालिक आणि सायेलोवर लेख पूर्ण वाचायला मिळतात, पैसे लागत नाहीत. दियालनेतवर काही वेळा नुसती नोंद असते, पण ती नोंदही पुढे शोधायला पुरते. गूगल वापरायचंच तर ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये भाषा स्पॅनिश आणि देश हवा तो निवडा. नाहीतर ते तुम्हाला भारतातला वाचक समजून इंग्रजी पानं पुढे करत राहतं.

ब्राउझरचं भाषांतर मूळ समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ब्राउझरमध्ये आपोआप भाषांतर चालू असलं की स्पॅनिश पान उघडताक्षणी इंग्रजी होऊन समोर येतं. विद्यार्थी त्यातली दोन वाक्यं उचलतो, आणि प्रबंधिका स्पॅनिशमध्ये लिहायची म्हणून ती पुन्हा स्पॅनिशमध्ये करतो. वर अवतरणचिन्हं घालतो. आता त्या चिन्हांमध्ये जे आहे ते मूळ लेखकाने कधी लिहिलेलंच नाही! परीक्षकाने मूळ पान उघडलं की विषय संपला.

सेटिंगमध्ये जाऊन स्पॅनिशसाठी भाषांतर कायमचं बंद करा. अडलेल्या शब्दासाठी रेआल अकादेमियाचा, म्हणजे स्पेनच्या भाषा अकादमीचा, कोश उघडा. वाचायला वेळ लागेल, पण तुम्ही स्पॅनिशचे विद्यार्थी आहात, आणि वाचनाचा वेग असंच वाचून येतो.

एन्येच्या जागी साधा एन

डोक्यावर नागमोडी रेघ असलेल्या एन्येऐवजी साधा एन लिहिला तर 'वर्ष' या शब्दाचं 'गुदद्वार' होतं. प्रबंधिकेत हे दिसलं तर कुणालाही ओशाळं व्हावं लागेल. तरी अनेक जण चिन्हं दुसऱ्या पानावरून कॉपी करून चिकटवत बसतात. विंडोजमध्ये स्पॅनिश कीबोर्ड जोडून घ्या. एलच्या उजवीकडच्या कळीवर एन्ये मिळतो. कळांची जागा बदललेली नको असेल तर यूएस इंटरनॅशनल मांडणी घ्या, तिथे उजवा ऑल्ट आणि एन एकत्र दाबायचं. मोबाइलवर एन दाबून धरला की पुरे.

स्पॅनिश आकडेवारीची सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की कधीकधी एन्येच्या जागी नागमोडी रेघ असलेला ए आणि त्याच्या शेजारी अधिक-उणे चिन्ह अशी जोडी दिसते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या लिपी-संकेतात वाचलेली असते. घाईने 'फाइंड-रिप्लेस' करत सुटू नका आणि सेव्हही करू नका. फाइल बंद करा, कोरी शीट उघडा, डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये यूटीएफ-८ निवडा. सगळं जागच्या जागी येतं.

त्याच फाइलमध्ये आकड्यांचाही घोळ असतो. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब देतात, त्यामुळे तिकडचे दीड हजार आपल्या एक्सेलला दीड वाटतात. मेक्सिकोत मात्र टिंबच दशांशाचं. म्हणजे दोन देशांचे आकडे एकाच तक्त्यात घेण्याआधी प्रत्येक फाइल डोळ्यांखालून घालायलाच हवी. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी, तर स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी. निर्यातीच्या रकमा लिहिताना हा फरक विसरलात तर पुढचं सगळं विश्लेषण हजारपट चुकतं. केळीचे आकडे तर टनांऐवजी खोक्यांत दिलेले असतात, आणि खोकं बहुधा १८.१४ किलोचं धरतात. एकक कुठलं ते तळटीपेत पाहा.

गूगलवरची संख्या पुरावा म्हणून देणं

'हा शब्दप्रयोग जास्त रूढ आहे, कारण गूगलवर इतके निकाल येतात', असं लिहिलेलं वाक्य ताबडतोब काढून टाका. यासाठी अकादेमियाचे भाषासंग्रह आहेत: १९७४ पर्यंतच्या मजकुरासाठी कोर्दे, १९७५ ते २००४ साठी क्रेआ, आणि २००१ पासून पुढे कोर्पेस. काळ कुठला ते ठरवून मगच संग्रह निवडा. कोर्पेसमध्ये क्रियापद शोधताना 'फॉर्मा'च्या रकान्यात मूळ रूप टाकलं तर तेवढंच रूप सापडतं. सगळी रूपं हवी असतील तर 'लेमा' वापरा. या संग्रहात साधारण ३० टक्के मजकूर एकट्या स्पेनचा आहे, म्हणून देशादेशांची तुलना नुसत्या संख्येवर करू नका, दर दहा लाख शब्दांमागचं प्रमाण घ्या.

आडनावांची मोडतोड

संदर्भांच्या नोंदी ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, जरूर वापरा. पण ते आपोआप भरतं ती नोंद डोळे मिटून स्वीकारू नका. स्पॅनिश माणसाला सहसा दोन आडनावं असतात आणि यादी लागते पहिल्याच्या अक्षराने. १९०६ चे नोबेल विजेते सान्तियागो रामोन इ काहाल यांचं आडनाव 'रामोन इ काहाल' आहे, म्हणून त्यांची जागा आरमध्ये. नुसतं 'काहाल' धरून सीमध्ये टाकलं तर संदर्भसूची पहिल्याच नजरेत कच्ची दिसते. प्रत्येक नोंदीत आडनावाचा रकाना स्वतः तपासा. जुन्या छापील कोशांबाबतही सांगायला हवं: १९९४ च्या आधी 'सीएच' आणि दुहेरी 'एल' यांना वर्णक्रमात स्वतंत्र जागा होती, त्यामुळे शब्द नेहमीच्या ठिकाणी दिसला नाही तर तो कोशात नाही असं ठरवू नका.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ न उघडता वापरणं

एआय चॅटबॉटला स्पॅनिश संदर्भ मागितले की तो दोन आडनावांचा लेखक, खरंखुरं नियतकालिक, अंक, पृष्ठं असं सगळं बिनचूक थाटात देतो. लेख मात्र अस्तित्वातच नसू शकतो. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, उघडून पाहा, नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा, लेख स्वतः वाचा. यातलं काही जमलं नाही तर तो संदर्भ यादीत नको. आणि इंग्रजी लेखाचे परिच्छेद स्पॅनिशमध्ये करून स्वतःचे म्हणून देणं हीसुद्धा चोरीच आहे, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पकडो अगर न पकडो. चॅटबॉटकडून स्वतःच्या स्पॅनिशमधल्या चुका दाखवून घ्यायच्या असतील तर खुशाल घ्या, विभागाचे नियम तेवढे आधी विचारा.

घरी आल्यावर

गावी लाईट जाते, रेंज जाते. त्यात नवीन काही नाही. निघण्याआधी लेखांच्या पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून घ्या, प्रबंधिकेची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवा. प्रबंधिकेसाठी तिकडच्या कुणाची ऑनलाइन मुलाखत ठरवताना समोरच्याची वेळ त्याच्या शहराच्या नावासकट लिहून घ्या. इक्वेडोरचं ग्वायाकिल शहर आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, म्हणजे तिथे सकाळचे नऊ तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. स्पेनचा फरक हिवाळ्यात साडेचार तास आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन. मुलाखत ध्वनिमुद्रित करायची असेल तर परवानगी आधी मागा, लेखी, आणि स्पॅनिशमध्ये.