सुरळी झालेल्या निगेटिव्ह सरळ करताय? या चुका टाळा

आत्याच्या लग्नाचा रोल स्टुडिओवाल्याने न कापताच दिलेला. काळ्या डबीत वर्षानुवर्षं पडून त्याची घट्ट सुरळी झाली होती. मी शहाणपणा करून तो उलट्या बाजूने बोटाभोवती गुंडाळायला गेलो आणि बारीकसा ‘कट्’ आवाज आला. दिव्यासमोर धरला तर आत्याच्या मुंडावळ्यांमधून तडा आरपार.

जुन्या फिल्मच्या चकचकीत बाजूला प्लॅस्टिक असतं, मंद बाजूला जिलेटिनचा थर. चित्र या थरात असतं. जिलेटिन सुकलं की प्लॅस्टिकपेक्षा जास्त आक्रसतं, म्हणून पट्टी मंद बाजूकडे वळते. कोरडी फिल्म उलटी गुंडाळणं म्हणजे पापड दुमडणं. इस्त्री आणि हेअर ड्रायर तर नकोच. उरलीसुरली ओलही जाते, शिवाय प्लॅस्टिक वाकडं होतं ते कायमचं.

हात लावण्याआधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास म्हणजे अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म सडू लागली आहे. ही सड मागे फिरत नाही आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. अशा निगेटिव्ह वेगळ्या काढा, आधी त्यांचं स्कॅनिंग उरका. प्लॅस्टिकच आटून पडलेल्या सुरकुत्या कशानेही जात नाहीत. 1950 च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या, तपकिरी, चिकट पडलेल्या फिल्मवर घरी प्रयोग करू नका. ती नायट्रेट या जुन्या प्लॅस्टिकची असू शकते आणि नायट्रेट भडकन पेटतं. पुण्यात 2003 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा आगीतच गेला.

बाकीच्या फिल्मला हळूहळू ओल द्यायची. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर पालथी चाळणी, चाळणीवर पट्टी. पाणी साधं घ्या, गरम नको. मोदक उकडताना बांधतो तसं झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचा थेंब नेमका चेहऱ्यावर पडतो. दर तासा-दोन तासांनी बघा. पट्टी मऊ पडून आपसूक उलगडू लागली की बाहेर काढा. ‘राहू दे रात्रभर’ म्हणालात की बुरशीला आमंत्रण. कोकणात जुलैमध्ये हा डबा मांडूच नका, तिथे हवाच पुरेशी ओली असते.

ओलसर पट्टी लगेच काचेखाली दाबायची चूक मीही केली आहे. मऊ झालेलं जिलेटिन काचेला चिकटतं, सुटलं तरी चकाकणारे चट्टे राहतात. थोडा वेळ हवेवर ठेवा, मग दोन टीपकागदांमध्ये घालून वर जाडजूड पुस्तकं रचा. आठवडाभर तिकडे फिरकू नका.

पांढरी बुरशी दिसली तर ओल्या कापडाने पुसू नका. बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर फोटोही पुसला जातो.

पट्टी कडांनीच धरा. पीव्हीसीची पाकिटं नि डांबरगोळ्या टाळा. पॉलिप्रॉपिलीनची किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटं चालतात. पोटमाळा आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, दोन्ही वाईट.

आणि पट्टी अगदी आरशासारखी सपाट व्हायला हवी, हा हट्ट सोडा. थोडा बाक उरला तर स्कॅनरच्या होल्डरमध्ये तो दबतो.