राखमानिनॉव्ह ऐकायला सुरुवात कशी करावी

सर्गेई राखमानिनॉव्ह (१८७३–१९४३) या रशियन संगीतकाराची ओळख दुसऱ्या पियानो कन्चेर्टोपासून (एकल पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) करून घ्यावी, आणि पहिल्या वेळी त्यातली सुरुवातीची दोनच मिनिटे ऐकावीत. पियानो एकटाच, अगदी हलक्या आवाजात, भारदस्त स्वरसमूह वाजवू लागतो. मधूनमधून खर्जातला एकच स्वर परत परत उमटतो आणि नाद चढत जातो. नोव्हगोरोदच्या चर्चमधल्या घंटा त्यांनी बालपणी ऐकल्या होत्या, हे येथे आठवावे. मग मुख्य सुरावट व्हायोलिनांकडे जाते आणि पियानो चक्क साथीला बसतो. कन्चेर्टोत पियानोच पुढे असणार असे धरून चाललेला श्रोता त्याच्या धावत्या स्वरांमागे लागतो आणि सुरावट निसटते. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना कान व्हायोलिनांवर ठेवून ती गुणगुणावी. ती लगतच्या स्वरांवरून संथपणे सरकते, त्यामुळे रागसंगीतावर पोसलेल्या कानाला ती लवकर सापडते.

ध्वनिमुद्रण निवडताना स्वतः राखमानिनॉव्ह यांनी १९२९ मध्ये वाद्यवृंद-संचालक स्टोकॉव्स्की आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासह केलेले जरूर ऐकावे. आवाज जुना आहे. पण ते कुठेही रेंगाळत नाहीत, आणि हे संगीत हळवेपणाने ओढत वाजवू नये, हे त्यातून जितके पटते तितके कोणत्याही लेखातून पटणार नाही.

त्यानंतर ‘पागानिनीच्या सुरावटीवरील रॅप्सोडी’ (१९३४) घ्यावी; व्हायोलिनवादक पागानिनीची एकच सुरावट तिच्या भागाभागांत नव्या रूपात येते. मूळ सुरावट तोंडपाठ झाल्याशिवाय प्रसिद्ध अठराव्या भागाकडे वळू नये, कारण तिथली मधुर धून म्हणजे तीच सुरावट उलटी केलेली आहे: चढ तिथे उतार, उतार तिथे चढ.

वाद्यवृंदासाठीचे ‘सिंफनिक डान्सेस’ (१९४०) मात्र त्यांच्या पहिल्या सिंफनीनंतरच (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकावेत. ती सिंफनी १८९७ मध्ये पीटर्सबर्गला साफ कोसळली, संगीतकार-समीक्षक सेझार क्युई यांनी तिच्यावर जहरी टीका केली आणि राखमानिनॉव्ह यांचे लेखन जवळजवळ तीन वर्षे थंडावले, डॉ. निकोलाय दाल यांच्या उपचारांनंतर ते सावरले आणि दुसरा कन्चेर्टो त्यांनी दाल यांनाच अर्पण केला. १९१७ च्या अखेरीस देश सोडताना सिंफनीची संहिता मागेच राहिली. तिची उग्र सुरावट ‘डान्सेस’च्या पहिल्या भागाच्या शेवटी, तंतुवाद्यांवर, अगदी निवलेल्या रूपात परत येते. तेव्हा ती ओळखणारे श्रोते जवळपास नव्हतेच. लेनिनग्राडमध्ये सापडलेल्या वादकांच्या प्रतींवरून संहिता पुन्हा जुळवून ती सिंफनी मॉस्कोत वाजली ती १९४५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.