इटलीत वेळ कशी साधावी: रोम ते व्हेनिस, अकरा रात्रींचा आराखडा

रोममधल्या पॅन्थिऑनच्या घुमटाला वर मधोमध भोक आहे. मे-जूनमध्ये दुपारी एकच्या सुमारास त्यातून उतरणारा उन्हाचा गोल थेट फरशीवर येतो आणि पाहता पाहता सरकत जातो. सकाळी नऊला आत गेलात तर तो वर घुमटाच्या कडेलाच असतो; मान वर करून चार फोटो काढायचे आणि बाहेर पडायचं. तिकीट तेवढंच, जागा तीच, फरक फक्त वेळेचा.

इटलीत काय पाहायचं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कधी पाहायचं, याचा विचार सहसा राहून जातो. आठ दिवसांत सात शहरं घेतली की प्रत्येक जागी दुपारी अकरा ते चार या वेळेत, भर गर्दीत पोहोचणं होतं. म्हणून खालचा आराखडा मुक्कामांभोवती बांधला आहे: रोम ३ रात्री, टस्कनीचा ग्रामीण भाग ३, बोलोन्या ३, व्हेनिस २.

मुक्काम आधी, स्थळं नंतर

विमानाचं तिकीट रोमला उतरणारं आणि व्हेनिसहून परतणारं घ्या. रोमला परत येण्यात एक अख्खा दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

महिना निवडताना आपल्या शाळांच्या सुट्ट्या इथे चांगल्या जुळतात. मेमध्ये टस्कनीच्या टेकड्यांवर गहू हिरवागार असतो आणि साडेआठ वाजून गेले तरी उजेड असतो. जूनच्या अखेरीस कापणी होऊन तीच शेतं पिवळी पडतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर जमीन नांगरलेली, तपकिरी दिसते. पण तेव्हा ऑलिव्हची तोडणी चालू असते आणि घाण्यावरचं ताजं, तिखटसर तेल चाखायला मिळतं. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचलाच अंधारून येतं, हे धरून बेत करा. ऑगस्ट टाळावा. ऊन तर असतंच, शिवाय १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे घरगुती खानावळी आणि छोटी दुकानं बंद असतात.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा पटापट भरतात, त्यामुळे मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

सगळी तिकिटं एकाच दिवशी काढता येत नाहीत, कारण प्रत्येक ठिकाणची विक्री वेगळ्या वेळी खुली होते. कलोसियमची तिकिटं भेटीच्या ३० दिवस आधी येतात आणि त्यांवर नाव असतं. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. दारावर ओळखपत्र पाहतात आणि नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. तळघर आणि रिंगणाची तिकिटं सर्वांत आधी संपतात. खाली उतरून पिंजऱ्यांच्या आणि उचलयंत्रांच्या जागा पाहायच्या असतील तर विक्री उघडते त्याच वेळी संकेतस्थळावर हजर राहा.

आठवड्याचे वारही तपासा. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा असलेली आकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा मोफत आणि म्हणूनच तुडुंब. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटर चौक अडवलेला असतो, त्या दिवशी तिकडे जाऊ नका. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही.

जलद गाड्यांचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, आधी काढून काही वाचत नाही. बहुतेकांना दंड बसतो तो याच गाड्यांत. कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवावा लागतो, आणि मोबाइलवरच्या तिकिटाला गाडी सुटण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं. खिशात तिकीट आहे, पण शिक्का नाही, तर तपासनीसाच्या लेखी ते न वापरलेलंच.

संपाची सूचना आधी जाहीर होते; स्टेशनवर ‘शोपेरो’ हा शब्द दिसला की तारीख वाचा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. बेत त्या वेळेत सरकवला की निभावतं.

रोम: पहाट आणि दुपारी एक

लांबच्या विमानप्रवासानंतर पहिले दोन दिवस पहाटे चारलाच जाग येते, कारण भारताचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतं. अंथरुणात तळमळत पडू नका. सहाला बाहेर पडा आणि त्रेव्ही कारंजं, पॅन्थिऑनचा चौक, नावोना चौक असं चालत जा. सगळं मिळून दोन किलोमीटरही होत नाही. त्या वेळी त्रेव्हीच्या पाण्याचा आवाज गल्लीत शिरतानाच कानावर पडतो. दहानंतर ऐकू येतो तो माणसांचा.

वाटेत एखाद्या बारमध्ये कॉफी घ्या. इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. काउंटरपाशी उभं राहून प्यायची कॉफी आणि टेबलावर बसून प्यायची कॉफी यांचे दर वेगळे असतात. पर्यटकी चौकात बसण्याचा दर दुप्पट-तिप्पटही होतो. गजबजलेल्या बारमध्ये आधी पैसे भरायचे आणि पावती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची.

पाण्याची बाटली सोबत ठेवा, विकत घेऊ नका. रोममध्ये ‘नासोनी’ नावाचे सुमारे २,५०० ओतीव लोखंडी नळ रस्तोरस्ती अखंड वाहत असतात आणि पाणी पिण्याचंच असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, तोंड लावावं लागत नाही.

मग दुपारी एकला पॅन्थिऑन. तिकीट ५ युरो. उन्हाचा गोल पाहून झाला की फरशीकडे पाहा. ती मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिला बारीक भोकं आहेत. वरून पडलेला पाऊस त्यांतून निघून जातो. घुमटाची उंची आणि व्यास दोन्ही ४३.३ मीटर, आणि लोखंडाच्या सळया न घालता ओतलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही. पावसाचा दिवस निघाला तर हिरमुसू नका. उघड्या छतातून संगमरवरावर पडणारा पाऊस पाहायला मिळणं हे भाग्यच.

वाल दोर्चा: मोटार, पांढरे रस्ते आणि संध्याकाळ

टस्कनीतलं, सिएनाच्या दक्षिणेचं हे खोरं २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतल्या गावांना रेल्वे नाही आणि बस मोजक्या, त्यामुळे मोटार हवीच. ती रोमच्या मध्यवस्तीतून न घेता फ्युमिचिनो विमानतळावरून घ्या आणि परत फ्लॉरेन्सच्या विमानतळावर सोडा. तिथून ट्राम थेट शहरात जाते. इकडच्या परवान्याबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, आणि दोन्ही मूळ प्रती जवळ असाव्या लागतात. भाड्याच्या गाड्या बहुतेक गिअरच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षण करतानाच सांगा.

सर्वांत महाग चूक होते ती ‘झेड-टी-एल’ची. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असतो. लाल कडेचा पांढरा गोल आणि त्याखाली वेळा, अशी पाटी असते. वर कॅमेरा असतो, अडवायला माणूस नसतो. त्यामुळे चूक झाल्याचं कळतच नाही. महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते, आणि तुमचा पत्ता कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळं शुल्क कापते. चार वेळा आत गेलात तर चार दंड. नकाशाचं ॲप दर वेळी सावध करेलच असं नाही. गावाच्या वेशीबाहेर गाडी लावून चालत आत शिरा. पांढऱ्या पट्ट्यांत मोफत, निळ्यांत पैसे भरून, पिवळ्यांत राखीव, एवढं लक्षात ठेवलं की पार्किंगचं भागतं.

राहायला ‘अग्रितुरिस्मो’ निवडा. आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्रांसारखीच ही चालत्या शेतावरची घरं. निवडताना तीन गोष्टी विचारा: रात्रीचं जेवण मिळतं का, शेवटचा किलोमीटर खडीचा आहे का, आणि स्वयंपाकघर वापरता येतं का. मालक आपलंच तेल, आपलीच भाजी वाढतात तिथे किमान एक रात्र जेवाच.

दिवसाचा बेत हलका ठेवा. सकाळी पिएन्झा. हे गाव दुसऱ्या पायस पोपने १४५९ पासून अवघ्या काही वर्षांत नव्याने बांधवून घेतलं. त्याचं हे जन्मगाव. चर्च आणि राजवाडा यांच्या मागच्या तटावरून सगळं खोरं दिसतं. दुपारी बान्यो विन्योनी, जिथे गावचौकाच्या जागी गरम पाण्याचा दगडी तलाव आहे. त्यात उतरायला बंदी आहे. पण गावाच्या कडेला तेच पाणी दगडी पाटांतून वाहतं, तिथे पाय सोडून बसता येतं. संध्याकाळी सहानंतर मात्र कुठेही ‘पोहोचायचं’ ठेवू नका. सान क्विरिको दोर्चाच्या आसपासच्या खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवर गाडी हळू हाका, कडेला नीट लावा आणि बसा. तिरप्या उन्हात टेकड्यांच्या सावल्या लांबत जातात आणि जमिनीची प्रत्येक घडी उठून दिसते. भर दुपारी हेच खोरं सपाट वाटतं. उभ्या पिकात फोटोसाठी शिरू नका, ते कुणाचं तरी शेत आहे.

बोलोन्या: चीजच्या ढेपा आणि एक दिवस फ्लॉरेन्स

बोलोन्याहून फ्लॉरेन्स जलद गाडीने ४० मिनिटांच्या आत येतं आणि मोदेना प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासात. शहरही देखणं आहे: कमानदार ओसऱ्यांची एकूण लांबी ६२ किलोमीटर, पावसातही छत्री लागत नाही. सान लुका टेकडीवर जाणाऱ्या एकाच ओसरीला ६६६ कमानी आहेत.

फ्लॉरेन्सच्या दिवशी तिथल्या कॅथीड्रलच्या घुमटाची सकाळची पहिली वेळ घ्या. पायऱ्या ४६३, लिफ्ट नाही, आणि ठरलेली वेळ चुकली की तिकीट वाया. चढण दोन कवचांच्या मधून जाते, त्यामुळे वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी आधार न देता हा घुमट कसा उभारला, ते विटांच्या तिरप्या रचनेवर हात ठेवून पाहता येतं. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेत घुसमटत असेल तर हे टाळा. मध्येच मागे फिरता येत नाही.

पार्मेझान चीज बनताना पाहायचं तर मोदेना, रेज्जो एमिलिया किंवा पार्माजवळच्या एखाद्या डेअरीत दोन-तीन आठवडे आधी वेळ घ्या आणि साडेआठच्या आत पोहोचा. दहाला गेलात तर धुतलेली भांडी दिसतील. काम असं चालतं: रात्रीच्या दुधावरची साय काढून त्यात सकाळचं निरसं दूध मिसळतात, तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी आणि वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, दही लागलं की ते फोडून ५५ अंशांपर्यंत तापवतात. कण तळाशी बसून एकजीव होतात. मग तो सुमारे शंभर किलोचा गोळा दोघं जण कापडात उचलतात आणि सुरीने दोन भाग करतात. एका ढेपेला सुमारे ५५० लिटर दूध लागतं. ढेप मिठाच्या पाण्यात मुरते आणि किमान १२ महिने फळीवर राहते. मग तपासनीस छोट्या हातोडीने ठोकून आतली पोकळी आवाजावरून ओळखतो.

रेनेटमुळे हे चीज काटेकोर अर्थाने शाकाहारी नाही. चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणजे चीजविना, असं सांगा. पेस्तो चटणीतही ते असतं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस-मासे नकोत. एवढ्याने भागत नाही, कारण रिसोत्तो आणि भाज्यांचं सूप बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘ब्रोदो दि कार्ने?’ असं विचाराच. अंडं चालत नसेल तर ताज्या पास्त्यापेक्षा सुका पास्ता मागा. निर्धास्त पर्याय म्हणजे पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल. जेवणाच्या वेळाही पाळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत उघडत नाही. बिलातला ‘कोपेर्तो’ ही माणशी बसण्याची आकारणी असते, फसवणूक नव्हे.

व्हेनिस: रात्र तिथेच काढा

गाडीतून मेस्त्रेला उतरू नका; ते मुख्य भूमीवरचं स्टेशन. पुढचं सांता लुचिया. दाराबाहेर पाऊल टाकलं की समोर पाणीच. वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. मुक्कामाला असणाऱ्यांना ते माफ, तरी त्या माफीची नोंद शहराच्या संकेतस्थळावर करून ठेवा.

गोंडोलाचा अधिकृत दर नावेमागे आहे, माणशी नाही: दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. एका नावेत पाच जण. तेवढा खर्च नको असेल तर ‘त्रागेत्तो’ने २ युरोंत मोठा कालवा ओलांडा; नाव गोंडोलाचीच, पलीकडच्या काठापुरती. खरी मजा रात्री नऊनंतर एक नंबरच्या व्हापोरेत्तोत, म्हणजे पाण्यावरच्या बसमध्ये आहे. पियाझ्झाले रोमा या बसच्या चौकातल्या पहिल्या थांब्यावर चढा, बाहेरची जागा धरा आणि सान मार्कोपर्यंत पाऊण तास नुसते बसा. तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटांचं. राजवाड्यांतले दिवे लागलेले असतात, खिडक्यांतून रंगवलेली छतं दिसतात.

सकाळी साडेसहाला सान मार्को चौकात या. मग नकाशा खिशात घालून कास्तेल्लो वस्तीच्या गल्ल्यांत शिरा. वाळत घातलेले कपडे आणि भाजीची नाव दिसली की योग्य भागात आलात.

परतीच्या दिवशी चाकांची बॅग पुलांच्या पायऱ्यांवरून उचलून न्यावी लागते, म्हणून हॉटेल पियाझ्झाले रोमा किंवा व्हापोरेत्तोच्या थांब्याजवळचं घ्या. विमानतळाला नावेने तासाहून जास्त लागतो. पियाझ्झाले रोमाहून बसने सुमारे २५ मिनिटं. विमान सकाळचं असेल तर बसच धरा.