दोन चॅम्पियन बॉक्सरमध्ये मोठा कोण हे कसं ठरवायचं

रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो की आमच्या ग्रुपमध्ये हा विषय निघतोच, मोहम्मद अली भारी का जो फ्रेझर, मार्विन हॅगलर का शुगर रे लेनर्ड, आणि आताची पोरं मेरी कोम का निखत झरीन असंही विचारतात. मग कोणीतरी मोबाईल काढून रेकॉर्ड दाखवतं, किती जिंकले किती हरले, आणि सगळ्यांना वाटतं झालं, लागला निकाल. पण असा निकाल लागत नाही हो. लहानपणी मी पंचवटीत तालमीत जायचो, तिथे कोणी सांगितलं की अमक्याने शंभर कुस्त्या मारल्या तर वस्ताद एकच विचारायचे, जोड कोणाची होती? बॉक्सिंगलाही मी हाच प्रश्न लावतो, आणि तो कसा लावायचा ते सांगतो.

एक वही घ्या, समोरासमोरच्या दोन पानांवर दोघांची नावं टाका. आणि जिंकलेल्या फाईट नका लिहू, हरलेल्या लिहा. जिंकलेल्यांत भरतीचे खूप असतात, सुरुवातीला प्रत्येकाला सोपे गडी दिले जातात, हरलेल्यात मात्र खरा माणूस दिसतो. अलीच्या ६१ फाईट, त्यात ५६ जिंकल्या, ५ हरल्या. फ्रेझर ३२ जिंकला, ४ हरला, एक बरोबरीत. आता फ्रेझरच्या त्या चार बघा, दोन अलीशी आणि दोन जॉर्ज फोरमनशी, बस. आयुष्यभरात या दोघांशिवाय त्याला कोणीच हरवलं नाही. अली कोणाकडे हरला तर १९७१ ला फ्रेझर, १९७३ ला केन नॉर्टन, १९७८ ला लिऑन स्पिंक्स, आणि शेवटचे दोन लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक.

मग प्रत्येक नावापुढे तेव्हा वय काय होतं आणि आधी गॅप किती होता ते लिहा. होम्सकडे हरला तेव्हा अली ३८ चा होता, बर्बिककडे ३९ चा, ते दोन मी फिकट पेन्सिलने लिहितो. १९७१ चं प्रकरण वेगळं आहे. व्हिएतनामच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ ला अलीचं टायटल, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनपद, काढून घेतलं, साडेतीन वर्षं तो रिंगबाहेर, म्हणजे २५ ते २८ हे ऐन उमेदीचं वय गेलं. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये परत आला, दोन फाईट खेळला आणि ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला थेट फ्रेझरसमोर, दोघंही तोपर्यंत एकही न हरलेले. फ्रेझर जिंकला, पंधराव्या राउंडला त्याच्या लेफ्ट हुकने, म्हणजे डाव्या हाताच्या आडव्या ठोशाने, अली पाठीवर पडला. आता काही जण म्हणतात की अलीला गॅप होता म्हणून हा विजय अर्धा धरा. मला हे अजिबात पटत नाही, गॅप अलीच्या पानावर लिहायचा, फ्रेझरच्या पानावरून काही खोडायचं नाही. समोर जो आला त्याला त्याने १५ राउंड खेळून हरवलं.

कॉमन प्रतिस्पर्धी, म्हणजे दोघांशीही खेळलेला तिसरा गडी, बघताना जरा जपून. फोरमनने १९७३ ला किंग्स्टनमध्ये फ्रेझरला सहा वेळा पाडून दोन राउंडमध्ये संपवलं, पुढच्या वर्षी नॉर्टनलाही दोनच राउंड. आणि फ्रेझर, नॉर्टन या दोघांनीही अलीला हरवलं होतं. म्हणजे गणिताने फोरमनने अलीला उडवायला पाहिजे होतं, पण ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात आठव्या राउंडला अलीनेच फोरमनला झोपवलं. याने त्याला हरवलं म्हणून तो त्याच्यापेक्षा मोठा, हे बॉक्सिंगमध्ये चालत नाही, कोणाची स्टाईल कोणाला जड जाते यावर सगळं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, फाईट स्वतः बघा आणि स्वतः मार्क द्या, आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून द्या. पद्धत सोपी आहे, राउंड जिंकला त्याला १०, हरला त्याला ९, कोणी खाली पडला तर बहुतेक वेळा ८. मी आणि मामा सिडकोतल्या घरी रात्री जेवणं झाली की बसतो, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मामा पट्टीने बारा रेघा मारतो, आणि राउंड संपला की एकमेकांना न दाखवता आकडा टाकायचा. हॅगलर-लेनर्डची ६ एप्रिल १९८७ ची फाईट यासाठी बेस्ट. हॅगलरने १९८० पासून टायटल सोडलं नव्हतं, १२ वेळा राखलं होतं, आणि लेनर्ड पाच वर्षांत फक्त एक फाईट खेळून, डोळ्याचं ऑपरेशन झालेला. तीन जजपैकी एकाने ११५-११३ हॅगलरला दिली, एकाने ११५-११३ लेनर्डला, तिसऱ्याने चक्क ११८-११० लेनर्डला. एकच फाईट बघून तिघांचे आकडे असे! आवाज चालू असताना मला लेनर्ड ११६-११२ ने जिंकलेला दिसला, बंद करून बघितलं तर ११४-११४. कारण राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात लेनर्ड पटापट हात चालवायचा, पब्लिक ओरडायचं, पण त्यातले कितीतरी ठोसे हॅगलरच्या हातावर आणि ग्लोव्हवर जातात हे नुसतं बघितलं की कळतं. मामाचं कार्ड हॅगलरकडे ११५-११३, आणि आठव्या राउंडवरून आमचं अजून जमलेलं नाही.

फाईट कधी झाली हेही लिहा. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओची फाईट २ मे २०१५ ला झाली, मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा, लोक २००९ पासून मागत होते. मेवेदर एकमताने जिंकला, ठीक, पण त्या एका रात्रीवर दोघांची लेगसी तोलू नका, पॅकियाओने आठ वजनी गटांत टायटल घेतलंय ते कुठे ठेवणार?

रिंगबाहेरचं एका ओळीत ठेवा, पण खरं ठेवा. बंदीच्या काळात फ्रेझरने अलीला खेळू द्या म्हणून बाजू घेतली होती, आणि १९७५ च्या मनिलाच्या फाईटआधी अलीने त्याला जगासमोर गोरिला म्हटलं. मी अलीलाच मोठा मानतो, तरी ही ओळ त्याच्या पानावर पेनने आहे. त्याच मनिलात चौदाव्या राउंडनंतर डोळे सुजून बंद होत आलेल्या फ्रेझरला त्याच्या कोचने उठू दिलं नाही, तो उठायला तयार होता.

शेवटी आपल्याकडचं. मेरी कोम सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन, पण ऑलिम्पिकचं एकच ब्राँझ, म्हणून तिला कमी धरणारे भेटतात. बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच २०१२ ला, आणि सगळ्यात खालचा गट होता ५१ किलोचा, मेरीची आधीची टायटल ४५ ते ४८ किलोतली. वरच्या गटात जाऊन, जुळ्या मुलांची आई असताना आणलेलं ते ब्राँझ आहे. निखत झरीन डिसेंबर २०१९ च्या निवड चाचणीत मेरीकडे ९-१ ने हरली, तिथून उठून २०२२ आणि २०२३ ला लागोपाठ वर्ल्ड चॅम्पियन झाली. तुलना करायची तर दोघींची सारख्या वयाची वर्षं समोरासमोर ठेवा. आजच्या घडीला माझ्या वहीत मेरी बरीच पुढे आहे, पण निखतच्या नावापुढची दोन पानं मी कोरी सोडलीयेत.